वादळ चौदा आणि नीलपरी

धक्के प्रत्येकालाच बसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण धक्क्यांनासुद्धा काही रीतभात असावी. एक बसला, माणूस सावरला, घोटभर पाणी प्यायला, मग दुसरा. माझ्या बाबतीत ते एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन आले. आणि सुरुवात झाली ती आमच्या इमारतीच्या सभेत मी तोंड उघडलं म्हणून.

विषय होता जिन्यात बसणारी मुलं. संध्याकाळ झाली की आमच्या जिन्यात दर दोन पायऱ्यांमागे एक मूल मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असे. वर जायचं तर गुडघे, दप्तरं आणि चार्जरच्या वायरी ओलांडत जायचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या मुलांना वळण लागायला हवं. त्यांचा एखादा गट काढा. चार चांगल्या गोष्टी शिकवा."

मी 'काढा' म्हणालो होतो. इतिवृत्तात 'काढतो' असं आलं.

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागात आहे. लोकांचं ऐकून घेणं हे माझं काम. त्यावर काही करणं हे दुसऱ्या विभागाचं. त्यामुळे प्रत्यक्ष काही करण्याची वेळ आली की मी थोडा बावरतो. पण बायको म्हणाली, "बोललात ना? आता करा." ती औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांचं अक्षर जिला वाचता येतं तिच्यापुढे सबबी चालत नाहीत. शिवाय मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून तिला घर फार शांत वाटत होतं, म्हणून तीही गटात यायला तयार झाली.

तळमजल्यावर मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली होती, ती आम्हाला मिळाली. मी तयारी जोरदार केली होती. पाढे, शुद्धलेखन, वक्तृत्व. पहिल्या शनिवारी वीस-बावीस मुलं जमली. मी उदारपणे विचारलं, "बोला, काय काय शिकायला आवडेल?"

"पोहायला," कोणीतरी म्हणालं.

"पंक्चर काढायला."

"स्वयंपाक," हे पैलवान म्हणाला. पैलवान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा सोळा वर्षांचा मुलगा; दारातून आत येताना तो किंचित तिरका होऊन येतो. आणि मग पुढच्या रांगेतली चिमणी उठली. वय वर्षं बारा, उंची जेमतेम माझ्या कोपरापर्यंत, आवाज मात्र चौथ्या मजल्यापर्यंत. ती म्हणाली, "मला 'नाही' म्हणायला शिकायचंय."

"ते तर तुला उत्तम येतं," मी म्हणालो. सगळे हसले. बायको हसली नाही.

अशा गटांना मदत करणारी एक संस्था आहे, असं बायकोनेच शोधून काढलं. तिथून एक प्रशिक्षक बाई आल्या. पायात बूट, पाठीवर सॅक, आणि आवाज इतका शांत की समोरच्याला उगाच अपराधी वाटावं. त्यांनी नियम सांगितले. खोलीत कधीही एकच मोठा माणूस मुलांबरोबर नको, दोघं हवेत. दार उघडं. कुणाही मोठ्याचं वागणं खटकलं, तर मुलांनी सरळ सांगायचं, मग तो मोठा कोणी का असेना. मुलाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर न्यायची नाही. आणि गट चालवणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी.

"म्हणजे माझ्यावर संशय?" मी ताडकन उठलो.

"सगळ्यांवर सारखाच आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून कुणाचाच अपमान नाही."

हे वाक्य मी त्यानंतर अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिलं. दोन्हीकडून अपमानच दिसतो.

पडताळणीसाठी हवालदार आले ते गणवेशात, भर सकाळी, आणि माझ्याकडे यायच्या आधी शेजाऱ्यांकडे गेले. मी दाराच्या फटीतून ऐकत होतो. आमच्या शेजारी विमावाले राहतात. वीस वर्षं आमच्याकडची साखर नेतात. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. म्हणजे, आमच्यादेखत तरी काही केलेलं नाही." वरच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं की मी खुर्ची फार आवाज करत ओढतो. हवालदारांनी तेही लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत पेपरवाला माझी नजर टाळू लागला आणि इस्त्रीवाल्याने माझे शर्ट इस्त्री न करताच परत आणून दिले. बायकोची पडताळणी मात्र दारातच झाली. तिच्याबद्दल शेजाऱ्यांना काही विचारावंसं हवालदारांना वाटलंच नाही.

तरीही गट चालला. खरं सांगायचं तर धावला. प्रशिक्षक बाईंनी मुलांना जखम बांधायला शिकवलं, भाजलं तर काय करायचं ते शिकवलं, पोहायला नेलं. पैलवान तर असा स्वयंपाक करू लागला की त्याची आई जिन्यात भेटली की डोळे पुसायची. मुलं आपली आपण सभा घेऊ लागली, हात वर करून बोलू लागली, एकमेकांचं ऐकू लागली. आमच्या इमारतीतल्या मोठ्यांच्या सभेत हे आजवर घडलेलं नव्हतं. माझे पाढे आणि शुद्धलेखन मात्र 'पुढे बघू' या सदरात गेले. तक्रार विभागात मी लोकांच्या अर्जांवर हाच शेरा मारतो, तेव्हा त्याचा अर्थ मला पक्का माहीत आहे.

पुढे बाईंनी इंटरनेटवरच्या धोक्यांबद्दल दोन शनिवार घेतले. जाताना आम्हा दोघांना म्हणाल्या, "मुलं तिथे काय करतात हे मोठ्यांनी समजून घ्यायला हवं."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता, मुलांना विचारा. हे मला फार उशिरा कळलं. मी विचारलं विमावाल्यांना.

"मुलं मोठ्यांना खरं सांगत नसतात," विमावाले म्हणाले. "त्यांच्यात मिसळायचं तर लहान व्हावं लागतं."

मुलगा जाताना त्याचा जुना टॅब घरी ठेवून गेला होता. गटातली मुलं एक खेळ खेळत. प्रत्येकाने आपापलं बेट वसवायचं, घरं बांधायची, जनावरं पाळायची, एकमेकांच्या बेटावर जायचं आणि गप्पा मारायच्या. मी त्यात शिरलो. नाव विचारलं, 'वादळ' टाकलं. वय विचारलं. चोपन्न लिहिणार होतो. पण वादळाला चोपन्न वर्षं शोभत नाहीत, आणि उद्देश तर लहान होण्याचा होता. मी चौदा लिहिलं. खेळाने ते नावाला जोडून टाकलं. वादळ चौदा.

शेजारच्याच बेटावर 'नीलपरी' नावाची कोणी होती. तिच्या पाटीवर आमच्या गटाची खूण होती, तेव्हा मुलगी आपल्यातलीच, पण कोण ते कळेना. माझ्या बेटावर एक शेळी होती आणि ती माझं सगळं गवत खात सुटली होती. तिला हाकलायचं बटण शोधताना मी चुकून भलतंच दाबलं आणि शेळी नीलपरीला भेट गेली.

"ही कशाला दिलीस" नीलपरीने लिहिलं.

आता बोलणं निघालंच आहे, तर बाईंनी शिकवलेलं मुलांच्या डोक्यात किती शिरलंय याची परीक्षा घ्यावी, असं माझ्या मनात आलं. मी लिहिलं, "तू कुठल्या शाळेत आहेस?"

"का"

"सहज. घरी कोण कोण असतं?"

"माणसं"

शाबास! माझी छाती भरून आली. मी आणखी अवघड प्रश्न टाकला. "आईबाबा घरी कधी नसतात?" उत्तरच नाही. पैकीच्या पैकी गुण! तेवढ्यात बायकोची चाहूल लागली. या वयात शेळ्या पाळतोय हे तिला कळलं असतं तर संपलंच होतं. मी घाईने लिहिलं, "आपलं बोलणं कुणाला सांगू नकोस हं," आणि टॅब उशीखाली सरकवला.

पुढच्या शनिवारी चिमणीने हात वर केला. तिचा आवाज त्या दिवशी चौथ्या मजल्यापर्यंत गेला नाही. "काकू, मला तुमच्याशी आणि बाईंशी बोलायचंय."

बायको आणि प्रशिक्षक बाई तिला घेऊन पलीकडच्या बाकावर बसल्या. परत आल्या तेव्हा बायकोचा चेहरा दगडासारखा झाला होता. बाईंनी सगळ्यांना एवढंच सांगितलं, "आपल्या गटातल्या एका मुलीशी खेळात कुणीतरी मोठा माणूस लहान असल्याचं सोंग करून बोलतोय. मुलीने ते सोंग ओळखलं, काहीही सांगितलं नाही आणि आपल्याकडे आली. हेच करायचं असतं."

माझं डोकं सणकलं. मी ऑफिसात कधी टेबलावर हात आपटत नाही, त्या दिवशी आपटला. "असल्या नराधमाला भर चौकात उभा केला पाहिजे! कोण आहे तो? नाव काय घेतो?"

"ते तुम्हाला सांगता येणार नाही," बायको म्हणाली. "नियम आहे. चिमणीने आम्हा दोघींनाच सांगितलंय."

माझ्या मनात क्षणभरही काही आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. सज्जन माणसाला स्वतःचा संशय येत नाही, आणि सज्जन असण्यातली मोठी अडचण हीच आहे. मी त्या दिवशी मनाशी ठरवलं की या हरामखोराला मीच पकडणार. मी आत शिरलेलोच होतो. मला त्याचं कुरण ठाऊक होतं.

बेटांवर टेहळणी सुरू केली आणि दुसऱ्याच संध्याकाळी मला धक्का बसला. नीलपरी बदलली होती. आधी एकेका शब्दात उत्तर देणारी ही मुलगी आता पूर्ण वाक्यं लिहीत होती. ऱ्हस्वदीर्घ बिनचूक. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम! बारा-तेरा वर्षांचं कुठलं मूल पूर्णविराम देतं? मी इतके महिने शुद्धलेखन शिकवायला धडपडतो आहे, मला विचारा. ही मुलगी नव्हतीच. आपल्या गटाची खूण लावून बसलेला हाच तो सोंगाड्या!

मी सावधपणे गळ टाकला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो. आत ओट्यापाशी बायको कुकरकडे एक डोळा ठेवून फोनवर काही टाइप करत असायची. बहिणीशी बोलत असावी, असं मी धरून चाललो होतो.

"तुझ्या घरी कोण कोण आहे?" नीलपरीने विचारलं.

"मी आणि आई," मी लिहिलं.

"आई कशी आहे?"

चौदा वर्षांचा मुलगा काय लिहील याचा मी विचार करू लागलो, सुचेना. मग जे ठाऊक होतं तेच लिहिलं. "कडक आहे. चहात साखर मोजून घालते. पेपर वाचताना मध्येच काम सांगते."

मग आलं, "माझे बाबा सगळ्यांना सल्ले देतात. स्वतः कुणाचं ऐकत नाहीत. ओला टॉवेल पलंगावर टाकतात."

"बिचारी!" मी लिहिलं. "काही माणसांना समजच नसते." हा सगळा बनाव आहे हे माहीत असूनही त्या बापाबद्दल मला खरोखर तिटकारा वाटला.

अशा तीन-चार संध्याकाळी गेल्या. सांगायला संकोच वाटतो, पण इतक्या मोकळ्या गप्पा मी गेल्या कित्येक वर्षांत कुणाशी मारल्या नव्हत्या. शेवटी मन घट्ट करून मी लिहिलं, "भेटू या का? वाचनालयासमोरच्या बाकावर. मी निळी टोपी घालून येईन."

उत्तर लगेच आलं. "हो. उद्या पाच वाजता. नक्की ये."

दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते." मी म्हणालो, "मी चष्म्याची काडी बसवून आणतो." दोघंही एकमेकांना चुकवून निघालो. मी मुलाची निळी टोपी घातली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि साक्षीदार म्हणून विमावाल्यांना बरोबर घेतलं. ते वाटेत मला अपघात विम्याबद्दल सांगत होते.

वाचनालयासमोर पोचलो तर बाकावर कोण बसलेलं? बायको! आता तो हरामखोर हिला बघून पसार होणार! मी धावत गेलो.

"तू इथे काय करतेस? ऊठ! ऊठ लवकर!"

"तुम्ही कशाला आलात?" ती दबक्या आवाजात ओरडली. "जा आधी इथून! मी एका नालायक माणसाची वाट बघतेय."

"मीसुद्धा त्याचीच बघतोय! तू सगळं बिघडवशील!"

"मी? अहो, पोलीस बसलेत आजूबाजूला. जा म्हणते ना!" असं म्हणत तिने मला ढकलायला हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. ती माझ्या टोपीकडे बघत होती.

मी तिचा चेहरा अनेक प्रसंगांत पाहिलाय. असा कधी पाहिला नव्हता.

"वादळ चौदा?" ती म्हणाली. जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात.

"नीलपरी?" मी म्हणालो.

त्याच क्षणी दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी माझे दंड धरले. घाबरून मी शिट्टी वाजवली. वाचनालयातून माणसं बाहेर आली. मी मदतीसाठी विमावाल्यांकडे पाहिलं. विमावाले म्हणाले, "मी यांना ओळखत नाही," आणि समोरून आलेल्या बसमध्ये चढले. ती बस कुठे जाते हेसुद्धा त्यांनी पाहिलं नाही.

पोलीस ठाण्यात तेच हवालदार होते. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "साहेब, तुम्हाला मी चांगलं लिहून दिलंय हो!"

मी एक लांबलचक खुलासा केला. परीक्षा, टेहळणी, पूर्णविराम, शेळी, सगळं सांगितलं. समोरच्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "मी आता वाचते. तुमचं नसलेलं वाक्य आलं की थांबवा."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. तू कुठल्या शाळेत आहेस. घरी कोण कोण असतं. आईबाबा घरी कधी नसतात. मध्ये एक भेटवस्तू. आपलं बोलणं कुणाला सांगू नकोस हं.

मी थांबवलं नाही. थांबवण्यासारखं एकही वाक्य आलं नाही.

तीच वाक्यं गॅलरीत बसून लिहिताना मला किती गमतीची वाटली होती. त्या खोलीत, त्या बाईंच्या कोरड्या आवाजात ती ऐकली आणि गंमत कुठेच सापडली नाही. बारा वर्षांची मुलगी एकटी बसून हे वाचत होती. तिला काय वाटलं असेल, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"हेतू चांगला होता," मी म्हणालो. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"असेल," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण मुलीला हेतू दिसत नाही. तिला वाक्यं दिसतात."

जबाब घेऊन, टॅब तपासून, ताकीद देऊन त्यांनी मला सोडलं. घरी येऊन दार लावल्यावर बायको म्हणाली, "चिमणीच्या जागी मी नीलपरी होऊन बसले, तेव्हापासून चार दिवस मला झोप नाही. त्या माणसाच्या तोंडावर काय काय फेकून मारायचं हे ठरवत होते." मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "साखर मोजून घालते कारण तुमचा रिपोर्ट वाईट आलाय. आणि मी कडक का?"

मी पलंगावरचा टॉवेल उचलला.

चिमणीच्या घरी दोघं मिळून गेलो. तिच्या आईवडिलांसमोर, तिच्यासमोर, मी जे केलं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. वडील फार तापले, आणि ते योग्यच होतं. चिमणी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काका, तुम्ही होतात?"

"हो गं."

"तुम्ही आहात हे माहीत असतं ना," ती म्हणाली, "तरी मी सांगितलंच असतं."

गटाने आपल्या सभेत माझ्यावर निर्णय घेतला. मुलांनीच हात वर करून. मला मोठ्यांच्या जागेवरून काढलं. यायचं असेल तर मुलांच्या रांगेत बसून सुरक्षेचं सगळं शिक्षण पहिल्यापासून घ्यायचं. कुणी माझी थट्टा केली नाही, ते जास्त लागलं. इमारतीने मात्र ती कसर भरून काढली. वरच्या आजी आता मी खुर्ची ओढली की थेट खाली येऊन बघून जातात. पाणीपुरवठा खात्यात साहेबांनी बोलावून विचारलं, "शेळी नेमकी कुठली?" आणि विमावाल्यांनी तर आठवड्याच्या आत येऊन साखर मागितली, जणू काही झालंच नाही.

पुढच्या शनिवारी मी खोलीत गेलो. पुढच्या रांगेत चिमणीच्या शेजारी खुर्ची मिळाली. बाईंनी धडा पहिला सुरू केला. मी ऐकत होतो. यावेळी खरोखर ऐकत होतो.

असे दोन महिने गेले असतील. एका शनिवारी सगळे पांगल्यावर पैलवान दारात घुटमळत राहिला आणि बायकोला म्हणाला, "काकू, जरा बोलायचंय." ती आणि प्रशिक्षक बाई त्याला घेऊन बाकावर बसल्या. मी खुर्च्या रचून बाहेर पडलो. काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण बायकोने त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं, ते सगळे मिळून पोलिसांकडे गेले. नंतर एवढंच कळलं की कुणीतरी ओळख वाढवून त्याचे फोटो मिळवले होते आणि वर्षभर त्याला धमकावत होतं. वर्षभर! दारातून तिरका होऊन येणारा, आईला स्वयंपाक करून घालणारा हा मुलगा वर्षभर ते एकटा वाहत होता. आम्ही त्याच्या खांद्यांकडे बघून म्हणायचो, याला कोण काय करणार.

तो माणूस सापडला. पोलिसांना या कामी वेळ लागला, पण सापडला. त्या दिवशी पैलवान मला जिन्यात भेटला. वाट द्यायला मी कडेला झालो, तर तोच थांबला.

"काका, एक बोलू? राग नका मानू."

"बोल ना."

"तुमची केवढी फजिती झाली होती. अख्ख्या इमारतीसमोर. मला वाटलं, आता हे घर बदलून जातील." तो कठड्यावर नख घासत राहिला. "आणि तुम्ही पुढच्याच शनिवारी आलात. चिमणीच्या शेजारी जाऊन बसलात. ते बघून वाटलं, एवढी लाज वाटूनसुद्धा माणूस परत येऊ शकतो. म्हणून सांगितलं मी काकूंना."

खरी हकीकत अशी होती की त्या शनिवारी मी कुणालाच तोंड दाखवणार नव्हतो. मुद्दाम लांब फिरायला गेलो होतो. परत आलो तर घराला कुलूप, आणि किल्ली बायकोच्या पर्समध्ये, गटाच्या खोलीत. ती मागायला म्हणून खाली गेलो, तर बाई म्हणाल्या, "या, बसा, जागा आहे," आणि इतक्या मुलांसमोर किल्ली मागायचा धीर होईना, म्हणून बसलो.

हे त्याला सांगावं असं क्षणभर वाटलं. मग त्याच्याकडे पाहिलं आणि गिळलं.

"जड जातं रे," मी म्हणालो. "पण येता येतं."